सुई माझी, चोळणं तिचं

आमच्या गोठ्यात सुई टोचायचं काम माझं आणि चोळायचं काम बायकोचं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. पावसाआधी गुरांना घटसर्पाची लस टोचायला गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर यायचा. चढ चढून येईपर्यंत त्याचा जीव अर्धा व्हायचा. एका वर्षी अंगणात बसकण मारून तो म्हणाला, "तूच शिकून घे ना. मी बाटली खालीच देत जाईन." शाळा मी दुसरीत सोडलेली, पण हाताला शिकवायला शाळा लागत नाही. मानेवरचं कातडं चिमटीत धरून उचलायचं, सुई त्या चिमटीत घालायची आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. मांसात जाता कामा नये. कातडं आणि मांस यांच्या मधल्या पोकळीत औषध राहिलं पाहिजे. सुई काढून मी बाजूला झालो की बायको पुढं होऊन तळव्यानं ती जागा खसाखसा चोळायची. "चोळ गो, नायतर गाठ येल," असं मीच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पुढं सांगावं लागलं नाही. वाडीतली सगळी गुरं आम्ही दोघांनी अशी टोचली. एकाही जनावराला गाठ आली नाही, हे मी अजूनही कुणालाही तोंडावर सांगीन.

माझी धाकटी मुलगी मुंबईला दिलेली. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या की पाचव्या महिन्यात डावा पाय सुजून खांबासारखा झाला. सासरच्यांनी मोठ्या इस्पितळात नेलं. पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं. ती गुठळी सुटून वर फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातं, असं तिथल्या डॉक्टरांनी जावयाला सांगितलं. गोळ्यांनी रक्त पातळ होतं, पण त्या गोळ्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतात, म्हणून गोळ्या नकोत. सुईचं औषध बाळापर्यंत जात नाही. तेव्हा बाळंतपण होईपर्यंत आणि नंतरही काही आठवडे, सकाळ-संध्याकाळ पोटाच्या कातड्याखाली सुई. खंड पडायचा नाही.

सातव्या महिन्यानंतर मी तिला आणायला गेलो. विहीणबाई दारातच उभ्या.

"दादा, इथं पावलापावलाला दवाखाने. आणि तुमी पोरीला डोंगरात नेताय?"

"आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं."

"अवो, पण तिचा पाय बघा."

"पाय बघितला. माहेर पण बघायला लागतं. उद्या लोक म्हणतील, बापाला जड झाली."

"लोकांना सुया देता येतात काय?"

"लोकांना नाय. मला येतात," मी म्हटलं.

जावई हसू दाबत होता. मला बाहेर ओट्यावर चहा आणून ठेवला, तो मी घेतला नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. विहीणबाईंना तो माहीत होता, तरी त्यांनी कप ठेवलाच.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी हात साबणानं धुऊन बसलो. सुया भरूनच आलेल्या, काचेच्या, बारीक, बैलाच्या सुईपुढं केसासारख्या. पोर खाटेवर आडवी झाली. बेंबीपासून लांब, कडेची जागा मी चिमटीत धरली.

"बाबा, मी बैल नाय हां."

"बैल एवढी बडबड करीत नाय."

ती हसली आणि त्या हसण्यात सुई गेलीसुद्धा. "झालं?" ती म्हणाली. "इस्पितळातली नर्स दुखवायची." मी सुईला टोपण घातलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मागं काय चाललं होतं ते बघायचं मला कारण नव्हतं. सुई दिली की माझं काम संपलं.

थोड्या दिवसांनी सकाळी सुई द्यायला बसलो तर चिमटीत धरायला चांगली जागा सापडेना. आधी इथं तिथं निळे ठिपके होते. आता ठिपके एकमेकांत मिसळून हातभर काळंनिळं झालेलं, कडेला पिवळट. जांभूळ चिरडून फडक्याला पुसावं तसं. मी हात मागं घेतला.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय."

सुई दिली. पण त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. शेतावर जावं तर अर्ध्या वाटेवरून परत. कोयता घेऊन कुंपण सांधायला बसलो तर कुंपण सोडून मी पोरीच्या खोलीच्या खिडकीकडं बघत बसलेला. बायकोनं आवाज चढवला, "ऐकताव काय? सारखं आत-बाहेर काय करताव? पोरीला धाप लागते तुमच्याकडं बघून."

वाडीतल्या बायका बघायला आल्या. बाळंतपणाला आलेली पोर बघायला कुणाला बोलावणं लागत नाही. पोरीचं पोट बघून त्यांची तोंडं बारीक झाली. एक म्हातारी म्हणाली, "रक्ताचं पाणी केलंय गो त्या औषधानं. आतल्या आत झिरपतंय." दुसरी म्हणाली, "बाळंतपणात हे थांबायचं कसं?" बायको त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "पुरे करा ती सुई. पाय तर उतरलाय आता."

माझंही मन तेच सांगत होतं. पाय खरंच उतरला होता. काळं पोट डोळ्यांना दिसत होतं आणि ती गुठळी कुणी बघितली होती? संध्याकाळची वेळ झाली. मी हात धुतले नाहीत. ओट्यावर बसून राहिलो. आतून पोरीचा आवाज आला.

"बाबा, सुई."

मी उठलो नाही.

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हटलं. "महाडला बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई हायत, त्यांना विचारून येऊ."

पोर भिंत धरत धरत दारात आली. पोट पुढं, पाय जड. सुई तिच्या हातात होती.

"तुमी नाय दिली तर मी घेईन. बघितलंय मी कसं देताय ते."

"हे बघ, बाय, पोट बघ तुझं..."

"पोट मी बघते रोज. बाबा, मला नर्सनं सांगितलंय. माझ्या बाजूच्या खाटेवरची बाई होती. तिनं सुया सोडल्या. सकाळी ती खाट मोकळी होती."

एवढं ती आमच्याशी कधी बोलली नव्हती. बायको चुलीपाशी तोंडाला पदर लावून उभी. मी उठलो, हात धुतले, सुई दिली. त्या वेळी आम्हाला दोन्हीकडून भीती होती. औषध जास्त होत असलं तर पोर बाळंतपणात रक्त जाऊन जाईल आणि कमी पडत असलं तर गुठळी वर जाईल. आणि आम्हाला दिसत होतं ते फक्त कातडं.

दुसऱ्या दिवशी महाडला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण थेट बोलणाऱ्या. त्यांनी पोट बघितलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "औषध रक्तात किती चढतंय ते मोजायला हवं."

"मोजता येतं?"

"येतं. बाबा, तुम्ही दासगावच्या खाडीला भरती बघितलीय ना? पाणी एकदम येत नाही. हळूहळू चढतं, एका वेळी पूर्ण भरतं, मग उतरायला लागतं. हे औषध तसंच आहे. तुम्ही कातड्याखाली सोडता, तिथून ते झिरपत झिरपत रक्तात जातं. सुईनंतर साधारण चार तासांनी भरती. मग ओहोटी. ओहोटी लागली की तुमची दुसरी सुई. आपल्याला भरतीचं पाणी मोजायचंय. म्हणून रक्त बरोबर त्याच वेळी काढायचं. लवकर काढलं तरी चूक, उशिरा काढलं तरी चूक."

मला ते पटलं. दासगावला मी ऐन उमेदीत रेतीच्या होडीवर काम केलंय. भरती कधी येते त्यावर आमचं जेवण ठरायचं.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "रक्त कसंही येवो, हिचं बाळंतपण इथं नको. मुंबईला न्या."

"ते नाय व्हायचं."

"का?"

"आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "आधी रक्त बघू," एवढंच म्हणाल्या. ही तपासणी महाडला होत नाही, नमुना बर्फात घालून मुंबईला न्यावा लागेल, त्याच रात्रीपर्यंत पोचला पाहिजे, असंही सांगितलं. "कुणी आहे का पाठवायला?"

"मी हाय," मी म्हटलं. "कुणाच्या हातात देत नाय मी ते."

ठरलेल्या दिवशी सकाळी घरीच नेहमीच्या वेळेला सुई दिली आणि खाली रस्त्यावर येऊन उभे राहिलो. एसटी आली नाही. आमच्या फाट्यावर ती रोज येते आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी येत नाही, याची मला सवय आहे, पण त्या दिवशी अंगात दम नव्हता. पोर मैलाच्या दगडावर बसलेली. मी रस्त्याच्या मध्यावर जाऊन वाकून वळणाकडं बघत होतो. औषध आता तिच्या अंगात चढत असेल. पाणी चढतंय आणि होडी किनाऱ्यालाच नाही, असं मला वाटत होतं.

एक जीप आली ती भरलेली. दुसरी तर थांबलीच नाही. मार्च महिना, चवदार तळ्याच्या मेळाव्याला माणसं चालली होती, सगळ्या गाड्या भरून. शेवटी एक टेम्पो आला, मागं बायका-माणसं दाटीनं बसलेली. मी सरळ त्याच्या पुढं उभा राहिलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

"म्हाताऱ्या, मरायचंय काय?"

"मला नाय. माझ्या पोरीला महाडला पोचवायचंय."

मागून पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी उभी राहिली. पोरीचं पोट बघितलं आणि ड्रायव्हरवरच ओरडली, "थांबलायस ना? मग फाळका काढ!" मग शेजारणीला म्हणाली, "सरक गो तिकडं. ये बाय, पाय लांब कर, माझ्या मांडीवर ठेव." पोरीचा तो पाय सबंध वाटभर तिच्या मांडीवर होता. मला कुणी जागा दिली नाही, मी फाळक्याला धरून उभा. महाडात गर्दीनं टेम्पो मुंगीसारखा चालायला लागला, तेव्हा ती म्हातारी खाली उतरून पुढं चालत गेली आणि "बाळंतीण हाय, बाळंतीण हाय!" असं ओरडत वाट मोकळी करत गेली. बाळंतपणाला अजून अवकाश होता, पण मी तिला दुरुस्त केलं नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर आम्हाला उतरवून ती तळ्याकडं निघून गेली. आभार मानायला मी वळलो तर पांढऱ्या लुगड्यांच्या गर्दीत ती कुठली ते कळेना.

वेळ गाठली. रक्त काढलं. तपासणीवाल्यानं ती नळी यंत्रात घालून गरागरा फिरवली, लाल खाली बसलं आणि वर पिवळट पाणी राहिलं. तेच त्यानं दुसऱ्या बारीक नळीत घेतलं. "हे काय?" मी म्हटलं. "रक्त खाली राहिलं की!" तो म्हणाला, "आजोबा, औषध ह्याच्यात असतं." थर्मासमध्ये बर्फ, बर्फात ती नळी. बायको आणि पोर डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं दवाखान्यातच बसल्या, संध्याकाळच्या जीपनं परत जाणार. संध्याकाळची सुई दवाखान्यातली नर्स देईल असं ठरलं. मला ते आवडलं नव्हतं, पण मी दोन ठिकाणी नसतो.

मुंबईच्या एसटीत थर्मास मी मांडीवर उभा धरला. शेजारी एक पँटवाला. माणगावच्या पुढं त्यानं विचारलं, "काका, मासळी काय?"

"रक्त हाय."

तो खिडकीकडं सरकला तो पनवेलपर्यंत तसाच.

ऊन असं की बसचा पत्रा हात लावू देईना. कोलाडच्या पुढं मी झाकण उघडून बघितलं. बर्फाचं पाणी झालेलं, वर दोन-चार खडे तरंगत होते. मी झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. वडखळच्या नाक्यावर गाडी थांबली आणि मी उतरून सरबताच्या गाडीकडं धावलो. कंडक्टरनं घंटी दिली.

"ओ बाबा! एका म्हाताऱ्याच्या सरबतासाठी गाडी थांबायची नाय!"

"सरबत नको! बर्फ!" मी ओरडलो. "थांबव!"

सरबतवाल्यानं बर्फ फोडायला घेतला तो त्याच्या चालीनं. मी त्याच्या हातातला टोच्या घेतला आणि स्वतः फोडला. थर्मास गच्च भरला. गाडी सुटली होती. पण पुढं रेल्वेच्या फाटकाशी लागते तशी गाड्यांची रांग लागलेली, म्हणून मी धावत गाठली. चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "धावताय जोरात, तब्येत चांगली हाय." मी थर्मास परत मांडीवर उभा धरला.

मुंबईला जावई उतरायच्या जागी उभाच होता. आम्ही नळी जिथं द्यायची तिथं दिली. तिथल्या माणसानं हात घालून बघितलं आणि म्हणाला, "थंड आहे, ठीक." जावई म्हणाला, "बाबा, घरी चला, जेवा." मी म्हटलं, "मूल होऊ दे." त्याच रात्री परतीच्या गाडीत बसलो. डोळा लागला नाही.

मग वाट बघणं. आमच्या वाडीत तेव्हा मोबाईल पकडत नव्हता. फोन खाली फाट्यावरच्या दुकानात. सकाळची सुई दिली की मी उतरायचो, दुकानदार लांबूनच मान हलवायचा, नाही म्हणून. मी चढून घरी यायचो, अंगणात दोन फेऱ्या मारून परत उतरायचो. दुकानदार म्हणाला, "अण्णा, तुमी इथंच राहायला या ना, चूल पण लावू." मला हसू आलं नाही. पोटाचा रंग रोज गडद होत होता. आणि मी रोज दोन वेळा त्याच पोटावर सुई टेकवत होतो, आपण काय करतोय हे न कळता. ते माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. जे काम मी हातात घेतो ते मला कळलेलं असतं.

शेवटी निरोप आला. तिघांनीही उद्या महाडला या, संध्याकाळची सुई बरोबर आणा.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. बायकोनं माझी बाही धरून ठेवली होती.

"भरती पुरेशी नाही," बाई म्हणाल्या. "औषध कमी पडतंय."

मला वाटलं मी उलटं ऐकलं. "कमी? जास्त नाय?"

"कमी. पोरीचं वजन वाढलंय, बाळ वाढलंय, औषध तेवढंच राहिलं. जास्त औषध भरलेली सुई द्यायला लागेल."

"मग हे काळं कशानं?" बायकोनं विचारलं. "रक्ताचं पाणी झालं म्हणतात सगळी."

"तेच मला बघायचंय," बाई म्हणाल्या. "बाबा, आता माझ्यासमोर सुई द्या. घरी देता तशीच."

मी हात धुतले. पोर तपासायच्या टेबलावर आडवी झाली. चिमटी धरली, सुई घातली, दट्ट्या सावकाश दाबला, थोडं थांबलो, मग काढली. बाई वाकून बघत होत्या. सरळ होऊन म्हणाल्या, "छान देता हो. आमच्या नर्सला दाखवायला हवं."

मी बायकोकडं बघितलं. बघ, म्हटलं मनात.

आणि तेवढ्यात बायको उठली. कमरेच्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, तळव्यावर तेल घेतलं आणि पोरीच्या पोटावर, नुकत्याच दिलेल्या सुईच्या जागी, खसाखसा चोळायला लागली. गोठ्यात चोळते तशी, अंगातलं सगळं बळ लावून. पोरीनं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मावशी! हे काय करताय?"

"चोळत्ये."

"रोज?"

"रोज दोनदा. नायतर गाठ येल ना."

"कोणी सांगितलं?"

बायकोनं तेलाच्या बोटानं माझ्याकडं दाखवलं.

मग पोर टेबलावर पडल्या पडल्या हसायला लागली. हसता हसता पोट धरलं, "आये, दुखतंय गो, हसवू नका." डॉक्टरीणबाईंनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. "हे औषध रक्त गोठू देत नाही. चोळलं की कातड्याखालच्या बारीक नसा फुटतात आणि रक्त तिथंच पसरतं. म्हणून हे पोट असं दिसतंय. मावशी, ही सुई चोळायची नाही. मुळीच नाही. हात लावायचा नाही."

"बैलाला चोळायलाच लागतं," मी म्हटलं.

"बैलाला चोळा."

"तू कधी बोलली नाय?" बायकोनं पोरीला विचारलं.

"मला वाटायचं, आईचा हात हाय," पोर म्हणाली. "बरं वाटायचं."

बायकोनं बाटलीला बूच लावलं. हात पदराला पुसत राहिली, पुसून झाले तरी.

मग बाई खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडं वळल्या. "काळ्या पोटाला भिऊन तुम्ही सुई बंद केली असती, तर आधीच कमी असलेलं औषध शून्य झालं असतं. आता ऐका. बाळंतपण जवळ आलं की सुई कधी थांबवायची, नंतर कधी सुरू करायची, मध्ये रक्त लागलं तर काय, हे सगळं तासातासाला ठरतं. इथं मी काय करू? नमुना घेतला तर तो मुंबईला कसा पोचतो, ते तुम्हीच मला सांगा."

मला सांगायची गरज नव्हती. थर्मासमधला बर्फ वितळताना मी बघितला होता. त्याचं उत्तर यायला किती फेऱ्या मारल्या ते दुकानदाराला विचारा. पोर कळा देत असताना मी वडखळच्या नाक्यावर बर्फ फोडत असणार होतो.

पण माहेर, माहेर म्हणून मी त्या विहीणबाईंपुढं छाती काढून आलो होतो. पोर माझ्याकडं बघत होती. तिनं काही मागितलं नाही. त्या संध्याकाळी दारात सुई हातात घेऊन उभी राहिली होती तशीच बघत होती.

"जास्तीच्या सुया इथं मिळतील की मुंबईलाच?" मी बाईंना विचारलं. "वाटेत एक वेळ येते सुईची."

पोरीनं डोळे पुसले. बायको म्हणाली, "मी पण येत्ये."

"तू नाय तर कोण," मी म्हटलं. "आई जिथं असेल तिथं माहेर." हे मी तिथल्या तिथं ठरवलं. कुणी विचारलं तर आमच्यात असंच असतं, असं सांगायचं.

मुंबईला विहीणबाईंनी दार उघडलं, आमच्या वळकट्या बघितल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आलात? बरं झालं." मी टोमण्याची तयारी करून आलो होतो, तो आला नाही. पोर सासरी राहिली, आम्ही दोघं माझ्या भावाच्या मुलाच्या खोलीवर उतरलो आणि सकाळ-संध्याकाळ मी चालत सुई द्यायला जायचो. तिथं रक्त परत तपासलं, जास्तीच्या सुईनं भरती बरोबर जागी आली. पोटाचं काळं हळूहळू पिवळं पडत गेलं आणि एक दिवस कातडं परत कातड्याच्या रंगाचं झालं. बायको सुईच्या वेळी खोलीबाहेर उभी राहायची. आत यायला तिचा हात तिला भरवशाचा वाटत नव्हता.

ठरवून सुई थांबवली, कळा आणल्या. इस्पितळाच्या जिन्यावर मी चढत-उतरत राहिलो. रखवालदार दोनदा म्हणाला, बसा. मी परत वर चढायला लागलो. दुपारी जावई धावत आला. नात झाली होती. पोर बरी होती. रक्त जितकं जायचं तितकंच गेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या रात्रीपासून परत सुई सुरू झाली. घरी सोडल्यावर पहिल्या संध्याकाळी मी विहीणबाईंच्या घरात हात धुतले. त्यांनी पुढ्यात चहा ठेवला. "आता तरी?" म्हणाल्या. मी घेतला. साखर जास्त होती, पण बोललो नाही.

सुई काढली. पोरीच्या पोटावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. बायको पलंगाशी उभी होती, तिचा उजवा हात आपोआप पुढं आला. तो मला दिसला, पोरीलाही दिसला. मी पाळण्यातून नात उचलली आणि बायकोच्या दोन्ही हातांत दिली.

"हिला धर," मी म्हटलं.

तिनं धरली. सुया संपेपर्यंत, रोज सकाळ-संध्याकाळ, माझं काम झालं की मी तिला नात धरायला द्यायचो.